‘धोका नाही’ आणि ‘ठाऊक नाही’ : अवकाशातील भग्नावशेषांचे यांत्रिक भाकीत

२ एप्रिल २०२२ हा गुढीपाडव्याचा दिवस होता. त्या सायंकाळी पावणेआठच्या सुमारास विदर्भात, खानदेशात आणि लगतच्या गुजरात व मध्य प्रदेशाच्या काही भागांत लोकांनी आकाशातून वायव्येकडून आग्नेयेकडे सरकत जाणारे जळते पट्टे पाहिले. त्याच रात्री चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यात, लाडबोरी या गावी, सुमारे तीन मीटर व्यासाचे एक धातूचे कडे येऊन पडले. नंतरच्या दिवसांत त्याच परिसरातील गावांतून उच्च दाबाचा वायू साठविण्याच्या टाक्यांसारखे गोळेही सापडले. सुदैवाने कोणासही इजा झाली नाही. यवतमाळ आणि सिंदेवाही यांमधील सरळ अंतर सुमारे १६० किलोमीटर आहे. पृथ्वीच्या निकटच्या कक्षेत फिरणारी वस्तू सेकंदाला साडेसात किलोमीटर या वेगाने जात असल्यामुळे हे अंतर तोडण्यास तिला एकवीस-बावीस सेकंद पुरतात. वातावरणाने त्या वस्तूस तेवढा वेळ अगोदर अडविले असते, तर ते कडे वर्धा नदीच्या काठावर, यवतमाळ जिल्ह्याच्या उंबरठ्याशी कोठेतरी पडले असते.

त्या रात्री या दृश्यास अनेक नावे मिळाली. कोणी त्यास उल्का म्हटले, कोणी पडणारा उपग्रह, तर कोणी त्याच दिवशी न्यूझीलंडमधून उडालेल्या अग्निबाणाचा तुकडा. यांपैकी पहिले नाव केवळ निरीक्षणानेच बाद होते. उल्केचा वेग सेकंदाला निदान अकरा किलोमीटर असतो व ती बहुधा क्षणार्धात विझते. मानवनिर्मित वस्तू मात्र मंदगतीने, अनेक समांतर तुकड्यांत फुटत, क्षितिजापासून क्षितिजापर्यंत जळत जाते. वस्तूचा मार्ग आणि वेळ ताडून पाहता अभ्यासकांचा निष्कर्ष असा झाला, की ही चीनच्या ‘चांग झेंग ३बी’ या अग्निबाणाची तिसरी पायरी असावी. फेब्रुवारी २०२१ मध्ये तिने आपले काम पुरे केले होते व त्यानंतर चौदा महिने ती निर्जीव अवस्थेत पृथ्वीभोवती फिरत होती.

ही पायरी त्या सुमारास खाली येणार हे जाणकारांस ठाऊक होते. ती कोठे येणार हे मात्र ठाऊक नव्हते, आणि त्याचे कारण कोणाचा निष्काळजीपणा हे नव्हे. अशा भाकितात उरलेल्या काळाच्या सुमारे पाचव्या हिश्शाइतकी चूक गृहीत धरण्याचा प्रघात आहे. पतनास पाच तास उरले असता एक तासाची चूक संभवते, आणि एका तासात ती वस्तू सत्तावीस हजार किलोमीटर, म्हणजे पृथ्वीप्रदक्षिणेचा सुमारे दोनतृतीयांश भाग, चाललेली असते. या चुकीचे मूळ वातावरणाच्या अतिविरळ वरच्या थरात आहे. त्याची घनता सूर्याच्या लहरीप्रमाणे बदलते; सौरवादळ आले की तो थर फुगतो आणि खालच्या कक्षांतील वस्तूंस होणारा अवरोध वाढतो. याच घटनेच्या दोन महिने अगोदर, फेब्रुवारी २०२२ मध्ये, नुकत्याच सोडलेल्या ४९ ‘स्टारलिंक’ उपग्रहांपैकी बहुसंख्य उपग्रह अशाच एका चुंबकीय वादळामुळे कक्षेत टिकू शकले नाहीत. यात निर्जीव वस्तूचे कोलांट्या घेणे मिळवावे. ती कधी रुंद बाजूने वारा कापते, कधी अरुंद बाजूने. दुरून रडारने पाहणाऱ्यास तिचा क्षणोक्षणीचा कल कळत नाही.

सिंदेवाहीचे प्रकरण पतनाचे होते. परंतु ज्या अज्ञानामुळे पतनाचे स्थळ सांगता येत नाही, तेच अज्ञान वर कक्षेतही असते, आणि तेथे प्रश्न एखाद्या कार्यरत उपग्रहाच्या जिवाचा असतो. यवतमाळसारख्या कोरडवाहू कापसाच्या जिल्ह्यास हा प्रश्न वाटतो तितका दूरचा नाही. पिकाखालील क्षेत्र आणि पिकाची अवस्था यांचे अंदाज ज्या छायाचित्रांच्या आधारे केले जातात, त्यांतील काही ‘रिसोर्ससॅट’ मालिकेच्या उपग्रहांनी घेतलेली आहेत. २०११ व २०१६ साली सोडलेले या मालिकेतील दोन उपग्रह सुमारे ८१७ किलोमीटर उंचीच्या कक्षेसाठी योजलेले होते, आणि कचऱ्याची गर्दी नेमकी त्याच पट्ट्यात फार आहे. २००७ साली चीनने आपलाच एक निकामी हवामान-उपग्रह क्षेपणास्त्राने फोडला. त्याचे हजारो तुकडे याच उंचीच्या आसपास पसरले. भारताच्या हातूनही भर पडलेली आहेच. ऑक्टोबर २००१ मध्ये उडालेल्या पीएसएलव्ही-सी३ या अग्निबाणाची शेवटची पायरी त्याच वर्षी डिसेंबरमध्ये फुटली आणि तिचे तीनशेहून अधिक तुकडे नोंदले गेले. युरोपीय अवकाश संस्थेच्या २०२५ च्या अहवालानुसार सुमारे चाळीस हजार वस्तूंचा नियमित मागोवा घेतला जातो. एक सेंटिमीटरहून मोठ्या, पण बहुतांशी कधीच न दिसणाऱ्या, तुकड्यांची संख्या बारा लाखांहून अधिक असावी असा तिचा अंदाज आहे.

दोन वस्तू एकमेकींच्या जवळून जाणार असे गणिताने दिसू लागले, म्हणजे त्या घटनेस निकटागमन म्हणता येईल. अशा प्रत्येक निकटागमनाविषयी उपग्रहाच्या चालकास एक ठरावीक साच्याचा संदेश येतो. त्यात अपेक्षित वेळ, अपेक्षित अंतर, दोन्ही वस्तूंच्या स्थानांतील अनिश्चितता आणि टकरीची संभाव्यता असते. पुढील निरीक्षणे हाती येतील तसतसे त्याच घटनेविषयी नवे संदेश येत राहतात, बहुधा दिवसास तीन. आणि आठवडाभरात एका घटनेची एक संदेशमालाच तयार होते. निकटच्या कक्षेतील एका सामान्य उपग्रहासाठी आठवड्यास असे शेकडो संदेश येतात. यांत्रिक चाळणीनंतर मानवी विश्लेषकाने बारकाईने पाहावे अशा सुमारे दोन घटना उरतात. संभाव्यता दहा हजारांत एकाच्या आसपास गेली, की उपग्रह हलविण्याचा विचार सुरू होतो. हलविणे म्हणजे इंधन खर्च करणे, आणि इंधन संपले की उपग्रहाचे आयुष्य संपले. यास्तव दर वेळी घाबरून चालत नाही, आणि दर वेळी निश्चिंत राहूनही चालत नाही.

निश्चिंत राहण्याची किंमत १० फेब्रुवारी २००९ रोजी कळून आली. त्या दिवशी ‘इरिडियम ३३’ हा चालू उपग्रह आणि ‘कॉसमॉस २२५१’ हा रशियाचा मृत उपग्रह सायबेरियावर सेकंदाला अकरा किलोमीटरहून अधिक सापेक्ष वेगाने एकमेकांवर आदळले. सार्वजनिक माहितीवर चालणाऱ्या एका गणनेत त्या दिवशी या जोडीचे किमान अंतर ५८४ मीटर दाखविले होते, आणि त्या दिवसाच्या सर्वांत धोक्याच्या दहा जोड्यांत तिचे नावही नव्हते. गणना चुकीची नव्हती. तिच्यामागील अनिश्चिततेचा पसारा त्या ५८४ मीटरांहून मोठा होता, एवढेच.

येथे थोडे अंकगणित करणे आवश्यक आहे, कारण पुढील सर्व विवेचन त्यावर उभे आहे. समजा, दोन वस्तूंच्या आकारांची बेरीज दहा मीटर त्रिज्येच्या चकतीएवढी आहे आणि त्यांच्यातील अपेक्षित अंतर २०० मीटर आहे. स्थानाची चूक सर्व दिशांस सारखी व नेहमीच्या घंटाकृती वक्राप्रमाणे वाटली गेलेली आहे, असेही धरू. ही चूक दहा किलोमीटर असेल तर टकरीची संभाव्यता सुमारे एक कोटीत पाच येते. चूक एक किलोमीटरवर आली, की संभाव्यता एक लाखात पाच होते. चूक शंभर मीटरवर आली, की ती दहा हजारांत सात होते व धोक्याची रेषा ओलांडते. आणि चूक वीस मीटरवर आली, की ती व्यवहारतः शून्य होते. अंतर चारही वेळा तेच, २०० मीटर. बदलले ते केवळ आपले ज्ञान. ज्ञान वाढत असता संख्या प्रथम चढली आणि मग कोसळली. म्हणजे या चढउताराच्या दोन टोकांस संख्या सारखीच लहान असली, तरी तिचा अर्थ दोन्हीकडे एक नाही. उजव्या टोकास तिचा अर्थ ‘धोका नाही’ असा आहे. डाव्या टोकास तिचा अर्थ ‘ठाऊक नाही’ असा आहे.

मराठीत आपण हा भेद बोलण्यात सहज पाळतो. ‘पाऊस येणार नाही’ आणि ‘पाऊस येईलसे वाटत नाही’ ही वाक्ये पेरणीच्या तोंडावर असलेल्या शेतकऱ्यास एक वाटत नाहीत. दुसऱ्या वाक्यातील नकार पावसाचा नाही, बोलणाऱ्याच्या खात्रीचा आहे. ‘शक्यता कमी आहे’ या कचेरीच्या भाषेतील वाक्यात मात्र हे दोन्ही अर्थ बेमालूम मिसळतात, आणि संख्येने तोच घोटाळा अधिक प्रतिष्ठित होतो. दशांशचिन्हानंतर अनेक शून्ये दिसली की वाचणारा आश्वस्त होतो. ती शून्ये ज्ञानातून आली की अज्ञानातून, हे तो विचारीत नाही.

ज्यास आज सर्वत्र ‘मशीन लर्निंग’ म्हणतात, त्या पद्धतीचा (येथे सोयीसाठी तिला यंत्रशिक्षण म्हणू) या प्रश्नाशी संबंध येतो तो येथे. यंत्रशिक्षणात नियम वरून दिले जात नाहीत. पूर्वीच्या असंख्य उदाहरणांतून यंत्र स्वतःच आपले स्थिरांक असे जुळवून घेते, की दिलेल्या माहितीवरून अपेक्षित उत्तर कमीतकमी चुकीने निघावे. ग्रहगतीचे नियम यंत्राने नव्याने शिकण्याची गरज नाही. ते न्यूटनपासून उपलब्ध आहेत. शिकण्याजोगी गोष्ट वेगळीच आहे : अमुक प्रकारच्या वस्तूविषयी, अमुक उंचीवर, सूर्य अमुक स्थितीत असता, आजची अनिश्चितता परवापर्यंत कितपत आकसेल? संभाव्यतेची संख्या चढणीवर आहे की उतरणीवर? विश्लेषकास हे अनुभवाने उमगते. यंत्राने तोच अनुभव संदेशमालांच्या संग्रहातून मिळवावा, असा हा प्रयत्न आहे.

२०१९ च्या अखेरीस युरोपीय अवकाश संस्थेने यासाठी एक खुली स्पर्धा घेतली. २०१५ ते २०१९ या काळात जमलेल्या संदेशांपैकी १३,१५४ घटनांचे १,६२,६३४ संदेश शिक्षणासाठी देण्यात आले. परीक्षेसाठी राखून ठेवलेल्या घटनांत निकटागमनाच्या दोन दिवस अगोदरपर्यंतचेच संदेश दाखविले होते, आणि शेवटच्या संदेशात संभाव्यता किती असेल हे सांगावयाचे होते. दोन दिवसांची ही अट मनमानी नव्हती. उपग्रह हलवावयाचा तर निर्णयास व आज्ञेस तेवढा अवधी लागतो. या स्पर्धेत ९७ संघ उतरले. तुलनेसाठी संयोजकांनी एक अगदी भोळा नियम ठेवला होता : शेवटी जे ऐकले तेच खरे धरावे, म्हणजे दोन दिवसांपूर्वीचा आकडा जसाच्या तसा उत्तर म्हणून द्यावा. या भोळ्या नियमास मागे टाकणे केवळ बारा संघांस साधले. पहिला आलेला संघही भव्य यंत्रापेक्षा टप्प्याटप्प्याने केलेल्या संख्याशास्त्रीय विचारावरच अधिक विसंबला होता.

भाषेच्या अभ्यासकास या निकालाचे फारसे आश्चर्य वाटू नये. संदेशमालांसाठी वापरली जाणारी काही यंत्रे मुळात वाक्यांसाठी वापरली गेलेलीच आहेत. आतापर्यंतचे शब्द ध्यानात ठेवून पुढील शब्द सांगणे आणि आतापर्यंतचे संदेश ध्यानात ठेवून पुढील संदेश सांगणे या एकाच जातीच्या क्रिया होत. मराठी वाक्याचे क्रियापद शेवटी येते आणि नकार बहुधा त्याच्याही नंतर. ‘सकाळच्या गाडीने यवतमाळहून निघून दुपारपर्यंत वणीला पोचणे त्यास जमणार’ एवढे ऐकून श्रोता मनात गाठ बांधतो, आणि मग ‘नाही’ हा शब्द येतो. निकटागमनाची संदेशमाला अशाच रचनेची असते. आठवडाभर चढत आलेला आकडा शेवटच्या दोन निरीक्षणांनी कोसळतो, आणि बहुतेक वेळा तो कोसळतोच. म्हणून ‘सर्व काही ठीक होईल’ असे दर वेळी सांगणारे यंत्र जवळजवळ नेहमीच बरोबर ठरते आणि तरीही सर्वथा निरुपयोगी असते.

खरी अडचण दुर्मीळतेची आहे. शेवटपर्यंत धोक्याच्याच राहिलेल्या घटना त्या संग्रहात अत्यल्प होत्या, आणि ज्यात प्रत्यक्ष टक्कर झाली अशी घटना तर एकही नव्हती. परिणामी यंत्रास जे शिकविले गेले ते टकरीचे भाकीत नव्हे; शेवटच्या गणनेत कोणता आकडा येईल याचे ते भाकीत होय. शेवटची गणना हाही एक अंदाजच आहे, आणि त्यात ‘धोका नाही’ व ‘ठाऊक नाही’ यांची सरमिसळ असू शकते. या विषयावरील उत्साही लेखनात हा मुद्दा सहसा एखाद्या तळटीपेत ढकललेला दिसतो. त्याची जागा मुख्य मजकुरात आहे.

येथे यवतमाळ जिल्ह्यातील एक दृष्टान्त उपयोगी पडेल. या जिल्ह्यात कोलामी ही द्राविडी कुळातील भाषा बोलली जाते; मरे एमेनो यांनी तिच्यावर लिहिलेला ग्रंथ १९५५ साली प्रसिद्ध झाला. मराठी वृत्तपत्रांच्या मजकुरावर पोसलेल्या यंत्रापुढे कोलामी शब्द ठेवला, तर ते त्या शब्दाची संभाव्यता शून्याजवळ देईल. यावरून तो शब्द अस्तित्वात नाही असे कोणी म्हणणार नाही; तो शब्द त्या संग्रहात नाही, इतकेच सिद्ध होते. भाषाविज्ञानात हा धडा फार पूर्वीच शिकावा लागला, आणि न पाहिलेल्या शब्दासाठी काही वाटा राखून ठेवण्याच्या रीती त्यातूनच निघाल्या. संदेशमालांच्या बाबतीत तो धडा सध्या गिरविला जात आहे. अलीकडील काही संशोधक यंत्रास एकच आकडा विचारीत नाहीत. पुढील संदेशात स्थान व अनिश्चितता कोणत्या मर्यादांत असतील याचा पट्टा विचारतात. असे यंत्र ‘एक लाखात पाच’ म्हणून थांबत नाही. पुढील निरीक्षणानंतर हा आकडा कितीपर्यंत चढू शकेल हेही ते सांगू पाहते. मागील उदाहरणातील एक किलोमीटर चुकीची घटना अशा यंत्राने ‘पाहत राहा’ या सदरात टाकली पाहिजे, आणि वीस मीटर चुकीची घटना मिटवली पाहिजे. दोहोंना ‘कमी धोका’ हे एकच नाव देण्याची सोय त्यात उरत नाही.

आणखी एक अडचण काळाची आहे. २०१९ पर्यंतचा संग्रह हा मोठ्या उपग्रह-समूहांपूर्वीच्या आकाशाचा आहे. तेव्हा समोरून येणारी वस्तू बहुधा मृत असे; ती वळत नसे. आता तीही एक सजीव उपग्रह असण्याचा संभव पुष्कळ आहे, आणि तिचा चालक, किंवा तिच्यावरील यंत्र, त्याच वेळी स्वतंत्रपणे वळण्याचा निर्णय घेत असेल. सप्टेंबर २०१९ मध्ये युरोपचा ‘इओलस’ हा उपग्रह एका स्टारलिंक उपग्रहाच्या वाटेतून बाजूस घ्यावा लागला. त्या वेळी संभाव्यता हजारात एकाहून अधिक झाली होती. परंतु तो वाढलेला आकडा सूचनायंत्रणेतील दोषामुळे दुसऱ्या पक्षाच्या वेळीच नजरेस आला नाही, असे त्या पक्षाने नंतर सांगितले. दोघेही सजीव असता भाकीत हे निसर्गाचे न राहता परस्परांच्या हेतूंचे होते. जुन्या संदेशमालांत त्याचे व्याकरण सापडणार नाही.

भारतापुरते पाहता, श्रीहरिकोटा येथील अनेक-लक्ष्यवेधी रडार आणि जुलै २०२२ मध्ये बंगळूर येथे अवकाशातील सुरक्षित व्यवहारांसाठी इस्रोने उघडलेले केंद्र यांच्यावर हे काम मुख्यतः अवलंबून आहे. परदेशी यंत्रणेकडून येणाऱ्या संदेशांची येथे स्वतःच्या, अधिक अचूक कक्षामापनाने फेरतपासणी होते. आपल्या उपग्रहाची अनिश्चितता आपणच कमी करू शकतो, परक्या तुकड्याची तितकी नाही; म्हणून यंत्रशिक्षणाची खरी कसोटी त्या दुसऱ्या बाजूवर आहे. टक्कर टाळण्यासाठी इस्रोने २०२२ साली २१ वेळा आणि २०२३ साली २३ वेळा उपग्रह हलविले. हलवून गेल्यावर नव्या वाटेवर तिसरीच एखादी वस्तू आडवी येत नाही ना, हेही प्रत्येक वेळी पाहावे लागते, आणि आखलेला बेत कधीकधी त्यामुळेच बदलावा लागतो.

उड्डाणाच्या क्षणी तर अशा हिशेबास फारच थोडा अवकाश असतो. १४ जुलै २०२३ रोजी चांद्रयान-३ चे उड्डाण याच कारणाने नियोजित क्षणापेक्षा चार सेकंद उशिरा करण्यात आले. कक्षेतील वेगाने चार सेकंदांचे तीस किलोमीटर होतात.